लावलेली पाइनची झाडं किती वाढतायत, हे वर्षानुवर्षं नीट कसं मोजायचं

झाडाची उंची मोजणं म्हणजे काय, टेप लावला, आकडा लिहिला, झालं असं वाटतं. एकदाच उंची बघायची असेल तर तेवढं पुरतंही. पण आपल्याला वाढ मोजायचीये, आणि वाढ म्हणजे दोन मापांमधला फरक, त्यामुळे दोन्ही वेळच्या चुका त्याच फरकात येऊन बसतात. समजा दहा-बारा मीटरच्या झाडाचं माप दर खेपेला अर्धा मीटर इकडेतिकडे होतंय आणि झाड वर्षाला वाढतंयच अर्धा मीटर, मग हातात काय राहिलं? काहीच नाही. म्हणून महाग यंत्राच्या मागे लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा : तेच झाड, खालचा तोच बिंदू, तोच हंगाम आणि शक्यतो तीच पद्धत.

१. झाडं ठरवा आणि त्यांना नंबर द्या

सगळी लागवड मोजायची गरज नसते. आत कुठेतरी गोल प्लॉट आखायचा, ११.२८ मीटर त्रिज्या घेतली की बरोबर ४०० चौरस मीटर होतात आणि हिशोब सोपा जातो (उतारावर ही त्रिज्यासुद्धा आडवी धरायची, जमिनीला समांतर नाही). प्लॉटची जागा आधी कागदावर ठरवा, मग तिथे जा. समोर उभं राहून निवडायला गेलं की नजर आपोआप चांगल्या झाडांकडे वळते. कडेच्या एक-दोन ओळी सोडून द्या, तिथे ऊन आणि वारा दोन्ही जास्त लागतात त्यामुळे ती झाडं आतल्यांसारखी वाढत नाहीत. प्लॉटमधलं प्रत्येक झाड घ्यायचं, खुरटलेलं, वाकडं, सगळं.

नंबरासाठी अॅल्युमिनियमची पट्टी चांगली, पण ती तारेने खोडाला आवळून बांधू नका, खोड जाड होत जातं आणि तार सालीत रुतते. लहान रोपाशेजारी खुंटी ठोकून तिला पट्टी लावा. शिवाय वहीत ओळ नंबर आणि ओळीतला झाड नंबर असा नकाशा काढून ठेवाच, कारण पट्ट्या हरवतात, आणि मोबाइलचा जीपीएस झाडांखाली काही मीटर सहज चुकतो, दोन-तीन मीटरवर लावलेल्या झाडांत नेमकं कुठलं ते त्याच्यावरून कळणार नाही.

२. खालचा आणि वरचा बिंदू पक्का करा

खालचा बिंदू म्हणजे जमीन, पण नेमकी कुठली? उतारावर झाडाच्या वरच्या अंगाची जमीन धरतात, तीच कायम धरायची. पाइनखाली सुयांचा, म्हणजे त्याच्या सुईसारख्या पानांचा, थर साचत जातो, तो बाजूला करून मातीपासून मोजा, नाहीतर दरवर्षी काही सेंटिमीटर असेच गायब होतात आणि लहान रोपाला तेवढंही खूप असतं.

वरचा बिंदू म्हणजे मधल्या शेंड्यावरच्या कळीचं टोक. पाइनमध्ये सुया कळीच्याही वर उभ्या राहतात, तेव्हा सुयांच्या टोकापर्यंत मोजू नका. शेंडा मोडला असेल किंवा किडीने मेला असेल तर सगळ्यात उंच जिवंत टोक मोजा आणि शेजारी "शेंडा मोडला" असं लिहा. ही नोंद नसेल तर पुढच्या वर्षी उंची कमी दिसली की कुणाला काही कळत नाही आणि एक चांगला आकडा चूक समजून काढून टाकला जातो.

३. हंगाम

झाडाची वाढ थांबलेली असते तेव्हा मोजा, म्हणजे नवीन कोवळे शेंडे पूर्ण लांब होऊन त्यांच्यावर कळी बसल्यानंतर आणि पुढच्या हंगामाची फूट सुरू व्हायच्या आधी. एका वर्षी झोपलेल्या झाडाला मोजलं आणि पुढच्या खेपेला शेंडा अर्धा फुटलेला असताना मोजलं तर तो वर्षाचा हिशोब राहतच नाही. ठरलेला महिना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

४. प्रत्यक्ष माप

दोन-अडीच मीटरपर्यंत खुणा केलेली सरळ काठी. त्याच्या वर, जोवर पोचतो तोवर, एकात एक सरकणारा उंची मोजायचा पोल. पोलला दोन माणसं लागतात, एक पोल खोडाला लावून धरतो आणि दुसरा लांब उभा राहून पोलचं टोक आणि शेंडा एका पातळीत आले का ते सांगतो, झाडाखाली उभ्या माणसाला ते कधीच नीट दिसत नाही. माझं मत विचाराल तर पोल पोचतोय तोपर्यंत पोलच वापरा, तरुण झाडांसाठी इतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

झाडं पोलच्या बाहेर गेली की क्लिनोमीटर, म्हणजे लांबून शेंड्याकडे आणि बुंध्याकडे बघून कोन मोजायचं छोटं यंत्र. झाडाच्या उंचीइतकं तरी लांब उभं राहा, फार जवळून बघितलं तर कोनातली बारीक चूकसुद्धा मोठी होते. टक्केवारीची पट्टी असलेला असेल (तो उंची आडव्या अंतराच्या किती टक्के ते थेट दाखवतो) तर गणित सोपं : २० मीटरवरून शेंड्याचं रीडिंग ४५ टक्के वर, बुंध्याचं ८ टक्के खाली, बेरीज ५३ टक्के, २० मीटरच्या ५३ टक्के म्हणजे १०.६ मीटर. बुंधा डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर असेल तर बेरजेऐवजी वजाबाकी.

इथे दोन गोष्टी फार फसवतात. एक म्हणजे अंतर आडवं लागतं. १५ अंश उतारावर टेप जमिनीलगत धरून २० मीटर मोजलं तर खरं आडवं अंतर १९.३ मीटरच असतं, आणि सगळी उंची तेवढ्या प्रमाणात जास्त येते. दुसरी, कललेलं झाड. १५ मीटरच्या झाडाचा शेंडा तुमच्याकडे एकच मीटर झुकलेला असेल तरी २० मीटरवरून ते साधारण ७० सेंटिमीटर उंच दिसतं, आणि पलीकडे झुकलं असेल तर बुटकं. म्हणून झाड कुठल्या बाजूला कललंय ते आधी बघा आणि त्या दिशेला काटकोनात उभे राहा, आणि ती उभं राहायची जागाही वहीत लिहा. वारा असेल तर थांबा, शेंडा हलत असताना घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. तीन रीडिंग घ्या आणि मधलं ठेवा.

पोल सोडून क्लिनोमीटरवर किंवा लेझरने उंची मोजणाऱ्या यंत्रावर जाल त्या वर्षी काही झाडं दोन्हीने मोजा. दोन्हीत कायमचा फरक निघत असेल तर तो तेव्हाच कळतो, नाहीतर तो पुढे वाढ म्हणून आकड्यांत घुसतो.

५. मागची वर्षंही मिळतात

पाइनची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही. रेड पाइन, ईस्टर्न व्हाइट पाइन, स्कॉट्स पाइन अशा जातींत साधारणपणे दरवर्षी एकाच उंचीवर चहूबाजूंनी फांद्यांचा एक घेर निघतो, म्हणजे दोन घेरांमधलं अंतर ही त्या वर्षाची वाढ. वरून खाली मोजत या, सगळ्यात वरचं पेर गेल्या हंगामाचं, त्याखालचं त्याच्या आधीच्या, असं. सुरुवातीच्या वर्षांतले घेर नीट ओळखू येत नाहीत, तिथे अंदाज लावू नका, सोडून द्या. आणि लोबलोली, रेडिएटा या जातींत एका वर्षात अनेकदा फूट येते आणि घेरही अनेक निघतात, तिथे ही युक्ती चालत नाही. लाँगलीफ पाइन तर सुरुवातीची काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगतच बसतं, उंची जवळपास शून्य, पण मुळं खाली जात असतात, त्यामुळे ते मेलंय किंवा खुरटलंय असं समजू नका.

६. आकडे मांडताना

दोन्ही वेळी जिवंत असलेल्या झाडांचाच फरक काढा. २, ३ आणि ४ मीटरची तीन झाडं आहेत, सरासरी ३. त्यातलं २ मीटरचं मेलं तर सरासरी ३.५ झाली, एकही झाड सेंटिमीटरभर न वाढता! नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नंतर, लावलेली रोपंही वेगळ्या रकान्यात ठेवा, ती सरासरी खाली ओढतात. विरळणी केली की तोच घोळ होतो, कारण बहुतेकदा बारीक झाडं काढतात. यासाठी वनवाले हेक्टरी सगळ्यात जाड १०० झाडांची सरासरी उंची बघतात, आपल्या ४०० चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये ती चारच झाडं होतात. जमिनीचा कस ठरवायलाही हाच आकडा, ठराविक वयाला तो किती होतो ते बघतात, लोबलोलीच्या लागवडीत साधारण २५ वर्षांना.

रोपं लहान असताना दरवर्षी मोजा. झाडं पंधरा-वीस मीटरची झाली की तीन ते पाच वर्षांनी मोजून फरकाला वर्षांनी भागा, कारण त्या उंचीला यंत्राची चूक आणि वर्षाची वाढ जवळजवळ सारखीच असते.

आणि आकडा बघून लगेच यंदाच्या पावसाला किंवा खताला श्रेय देऊ नका. वर्षाला एकच घेर काढणाऱ्या जातींत यंदाचा शेंडा गेल्या हंगामात तयार झालेल्या कळीतून येतो, त्यात किती लांबी भरलीये ते बरंचसं तेव्हाच ठरलेलं असतं. गेल्या वर्षी दुष्काळ पडला असेल तर शेंडा यंदा आखूड निघतो, यंदा भरपूर पाऊस असला तरी. म्हणून वहीत पावसाचा रकाना ठेवला असेल तर या वर्षीच्या उंचीसमोर मागच्या वर्षीचा पाऊस लावून बघा.