सीसी खातं बिघडतं कुठे? या चुका टाळा

टर्म लोनचा हप्ता चुकला की लगेच कळतं. कॅश क्रेडिटला, म्हणजे सीसीला (माल आणि येणी यांच्या तारणावर धंद्यासाठी लागतील तसे पैसे उचलायचं-भरायचं खातं), हप्ताच नसतो. त्यामुळे खातं बिघडत चाललंय याचा मालकाला पत्ता नसतो, आणि बँकेतून फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा दोन महिने उलटून गेलेले असतात.

सगळ्यात मोठा घोळ लिमिटचा. ३५ लाखांची सीसी मंजूर झाली म्हणून ३५ लाख उचलता येत नाहीत. उचलता येते ती ड्रॉइंग पॉवर, आणि ती स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे माल, येणी आणि देणी यांच्या बँकेला दिलेल्या तक्त्यावरून ठरते. भोसरीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपचा हिशेब मांडून बघू. माल ४० लाखांचा, पण त्यातले १२ लाख पुरवठादारांना द्यायचे आहेत. राहिले २८. त्यातून २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा वाटा) गेलं की २१ लाख. येणी २० लाख, पैकी ५ लाखांची बिलं ९० दिवसांहून जुनी, ती बाद. उरलेल्या १५ लाखांतून ४० टक्के मार्जिन गेलं की ९ लाख. ड्रॉइंग पॉवर झाली ३० लाख. खात्यावर ३३ लाख उचललेले असतील, तर लिमिटच्या आत असूनही खातं ३ लाखांनी ओव्हर आहे. मार्जिनचे टक्के बँकेगणिक वेगळे असतात, तेव्हा आपलं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) काढून बघाच.

ड्रॉइंग पॉवर जास्त दिसावी म्हणून काहीजण देणी लपवतात किंवा माल फुगवून दाखवतात. मार्चचं स्टेटमेंट आणि ताळेबंद शेजारी ठेवले की ते उघडं पडतं. दुसऱ्या गोडाऊनमधला माल मात्र खरा असूनही मोजला जात नाही, कारण तो पत्ता बँकेला कळवलेला नसतो आणि विम्याच्या पॉलिसीतही नसतो.

स्टेटमेंट द्यायचा कंटाळा तर फारच महागात पडतो. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेली ड्रॉइंग पॉवर रिझर्व्ह बँकेच्या नियमात अनियमित धरतात. तसंच सलग ९० दिवस चाललं की धंदा उत्तम असला तरी खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. लिमिटच्या रिन्यूअलचंही (नूतनीकरणाचंही) तेच: ठरलेल्या तारखेपासून १८० दिवसांत झालं नाही तर एनपीए. ताळेबंद सीएकडे अडकलाय हे कारण तिथे चालत नाही.

सीसीतून मशीन घेणं ही जुनीच खोड. ८ लाख उचलले तर २५ टक्के मार्जिनने त्यामागे सुमारे १० लाख ६७ हजारांचा, पैसे चुकते केलेला माल लागतो. पैसा मशीनमध्ये गेला की तेवढा माल येणार कुठून? मशीनला टर्म लोनच घ्यावं, व्याज थोडं जास्त पडलं तरी.

विक्रीचा पैसा दुसऱ्या बँकेतल्या करंट खात्यात वळवू नका. सीसीत ९० दिवस जमाच नसेल, किंवा जमा त्या काळातल्या व्याजापेक्षा कमी असेल, तर खातं ‘आउट ऑफ ऑर्डर’ ठरतं. एनपीए कर्जदाराचा होतो, एकट्या खात्याचा नाही. प्रोप्रायटरचं त्याच बँकेतलं गृहकर्ज नियमित असलं तरी तेही एनपीएत जातं.

खातं ओव्हर गेलंच असेल तर आधी दिवस मोजा. एनपीएआधीच्या धोक्याच्या पायऱ्यांना एसएमए म्हणतात: सीसीत ३१ ते ६० दिवस म्हणजे एसएमए-१, ६१ ते ९० म्हणजे एसएमए-२. या टप्प्यावर सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणून खातं ‘फिरवणं’ हा उपाय नव्हे. पैसे परत गेले की खड्डा तिथेच, वर त्याचं व्याज. त्याआधी ताजं स्टेटमेंट द्या, म्हणजे निदान खरा आकडा कळेल. बिलं मोठ्या कंपनीकडे अडकली असतील तर ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांची बिलं विकून आधीच पैसे मिळवायचं ऑनलाइन व्यासपीठ) विकता येतात का बघा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, पण बिल त्यांनी स्वीकारल्याशिवाय पुढे सरकत नाही. तेवढ्यानेही भागत नसेल तर २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी २०१५ पासून अडचणीतल्या छोट्या उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची सरकारी चौकट आहे. बँकेच्या समितीकडे उद्योजक स्वतः अर्ज करू शकतो. अर्ज एनपीए होण्याआधी द्या, सोबत येत्या वर्षाचा कॅश फ्लो जोडा आणि पोच घ्या.