एलटीएल की सीटीएल, कशात जास्त लिहिता येतं हे कसं तपासायचं

मॉडेल चेकिंग (सिस्टीमचं मॉडेल, म्हणजे स्टेट आणि त्यांच्यातले बाण, हवी ती प्रॉपर्टी पाळतं का हे तपासणं) शिकायला घेतलं की एलटीएल आणि सीटीएल या प्रॉपर्टी लिहायच्या दोन लॉजिक भाषांबद्दल हा प्रश्न लगेच पडतो आणि बरेच जण "दोन्ही वेगळ्या आहेत" एवढं पाठ करून पुढे जातात. तसं करू नका, यातलं बरंच काही कागद-पेन घेऊन स्वतः सिद्ध करता येतं आणि त्यातच खरी मजा आहे.

आधी व्याख्या पक्की करा. एखादी प्रॉपर्टी दुसऱ्या लॉजिकमध्ये लिहिता येते म्हणजे तिथे असा फॉर्म्युला आहे जो प्रत्येक मॉडेलवर तेच उत्तर देतो, एकदोन मॉडेलवर जुळलं म्हणून काही होत नाही. एलटीएल (प्नुएली, 1977) एकेका रनबद्दल, म्हणजे बाणांवरून जाणाऱ्या एकेका न संपणाऱ्या वाटेबद्दल बोलतं, सगळे रन पास तर मॉडेल पास. सीटीएल (क्लार्क आणि एमर्सन, 1981) मात्र प्रत्येक स्टेटवर थांबून विचारतं की इथून पुढे सगळ्या वाटांवर का निदान एका वाटेवर.

आता एजी ईएफ रीसेट घ्या (फॉर्म्युल्यात ए म्हणजे सगळ्या वाटांवर, ई म्हणजे निदान एका वाटेवर, जी म्हणजे नेहमी, एफ म्हणजे कधीतरी), म्हणजे कुठेही अडकलो तरी रीसेटला जायची वाट आहे. ए आणि बी नावाच्या दोन स्टेट काढा: ए वर रीसेट नाही, बी वर आहे, ए ला सेल्फ लूप, ए ते बी आणि बी ते ए बाण. प्रॉपर्टी खरी. आता बी खोडून टाका, उरला फक्त ए आणि त्याचा लूप, प्रॉपर्टी खोटी. पण हा उरलेला रन आधीच्या मॉडेलमध्येही होताच, त्यामुळे पहिल्या मॉडेलवर खरा असलेला कुठलाही एलटीएल फॉर्म्युला इथेही खराच राहणार. झालं, एलटीएलमध्ये हे लिहिता येत नाही.

उलट बाजूला, म्हणजे एलटीएलमध्ये आहे पण सीटीएलमध्ये नाही असं, एफजी पी: कधीतरी पी (स्टेटवर खरी किंवा खोटी असणारी एखादी गोष्ट) कायमचं टिकतं. पहिला अंदाज एएफ एजी पी असतो आणि तो चुकतो. तीन स्टेट घ्या: पहिल्यावर पी आणि सेल्फ लूप, दुसऱ्यावर पी नाही, तिसऱ्यावर पी आणि सेल्फ लूप, बाण पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. प्रत्येक रनवर एफजी पी खरं आहे. पण पहिल्यावरच फिरत राहणाऱ्या रनवर एजी पी कधीच खरं होत नाही, कारण दुसऱ्याकडे जायची वाट सतत उघडी असते. हे न्यूएसएमव्ही या मॉडेल चेकिंगच्या टूलमध्ये नक्की टाकून बघा, ते दोन्ही लॉजिक घेतं.

पण यातून फक्त हे दोन फॉर्म्युले वेगळे एवढंच ठरलं, सीटीएलमध्ये दुसरा कुठला चालणारच नाही हे अजून ठरलं नाही, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. दोन फायनाइट मॉडेल बायसिम्युलर (एकातल्या प्रत्येक पावलाला दुसऱ्यात जुळणारं पाऊल सापडतं असे) नसतील तर कुठला ना कुठला सीटीएल फॉर्म्युला त्यांना वेगळं करतोच, म्हणून वरच्यासारखी एक जोडी दाखवून भागत नाही, वाढत्या साइजच्या जोड्यांची अख्खी मालिका लागते आणि फॉर्म्युल्याच्या लांबीवर इंडक्शन. एमर्सन आणि हालपर्न यांचं 1986 चं काम याच धाटणीचं, सीटीएल स्टार त्यातच नीट मांडलंय, ज्यात दोन्ही लॉजिक मावतात.

सीटीएलकडून एलटीएलकडे जाताना मात्र शॉर्टकट आहे, क्लार्क आणि द्रागिचेस्कु, 1988: फॉर्म्युल्यातले वाटा मोजणारे सगळे ए आणि ई काढून टाका, जो एलटीएल फॉर्म्युला उरेल तो जुळला तर जुळला, नाहीतर दुसरा कुठलाही जुळणार नाही. म्हणजे वरच्या तीन स्टेटवरून एएफ एजी पी एलटीएलमध्ये नाही हे फुकटात मिळालं!

सीटीएलचं चेकिंग मॉडेल आणि फॉर्म्युला दोन्हींच्या साइजमध्ये लिनियर, एलटीएलचं फॉर्म्युल्यात एक्स्पोनेन्शियल, पण फॉर्म्युले सहसा छोटे असतात त्यामुळे माझ्या मते निवड यावर करू नये. फेअरनेस (कुणीही कायमचं ताटकळत राहत नाही अशी अट) लिहायचाय तर एलटीएल, रीसेटसारखं काही असेल तर सीटीएल.

आणि रनबद्दलचं सगळं काही एलटीएलमध्ये लिहिता येतं असंही समजू नका. "प्रत्येक सम पोझिशनला पी" हे त्यात बसत नाही, वॉल्परने 1983 मध्ये दाखवलं. पी, आणि नेहमी पी असेल तर दोन स्टेपनंतर पी, असं लिहून बघा: विषम पोझिशनला एकदा जरी पी आलं तरी तिथून पुढच्या सगळ्या विषम पोझिशनलाही ते सक्तीचं होऊन बसतं, जे आपण मागितलंच नव्हतं.