कार्बोनेट खनिजांची रचना सोडवताय? या चुका टाळा

नाशिक-जळगावकडच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळणारा कॅल्साइट हातोडीने हलकेच फोडला, की तुकडा पुन्हा तिरप्या, चेपलेल्या खोक्यासारखाच निघतो. कोन मोजला तर १०१ अंश ५५ मिनिटं. इतका नेमका आकार बघून विद्यार्थी वहीत लिहून मोकळे होतात: ‘ही युनिट सेल’ (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ खोका). पहिली चूक इथेच.

हा तुकडा म्हणजे कर्णाच्या दिशेने दाबलेली मिठाची रचना. सोडियमच्या जागी कॅल्शियम, क्लोराइडच्या जागी कार्बोनेट. इथवर ठीक. पण कार्बोनेट हा सपाट त्रिकोण आहे, आणि एका थरातल्या त्रिकोणांचं तोंड एकीकडे, तर पुढच्या थरातल्यांचं बरोबर उलट. म्हणून सी-अक्ष (युनिट सेलची थरांना काटकोनातली उंची) १७.०६ अँगस्ट्रॉम घ्यावा लागतो, ८.५३ नाही. तांब्याच्या नळीच्या एक्स-किरणांनी काढलेल्या विवर्तन पॅटर्नमध्ये ३९.४ अंशांची ११३ रेघ शोधा (११३ हे ती रेघ देणाऱ्या अणुप्रतलांचे निर्देशांक). ८.५३ धरलंत तर तिचा शेवटचा निर्देशांक दीड येईल, आणि दीड निर्देशांक नसतो. मला ही रेघ फार आवडते. तिच्यात कॅल्शियमकडून येणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात, कार्बनच्याही खोडतात. जे दिसतं ते निव्वळ ऑक्सिजनचं.

पाटन, म्हणजे ठरावीक पातळ्यांवरच फुटायची ही सवय, पावडरमध्येही पिच्छा सोडत नाही. बारीक कणसुद्धा चपटे पडतात आणि २९.४ अंशांची १०४ रेघ फुगते. नमुना काचेने दाबून गुळगुळीत करू नका, बाजूने किंवा मागून भरा. उलट, बॉल मिलमध्ये तासन्‌तास दळू नका. कॅल्साइटचा काही भाग अ‍ॅरागोनाइट (तेच कॅल्शियम कार्बोनेट, रचना वेगळी) होऊन बसतो, आणि मग २६.२ अंशांवरची रेघ ‘मूळ नमुन्यातली’ म्हणून अहवालात जाते.

डोलोमाइटचं थोडक्यात: ३०.९ अंशांची रेघ पुरेशी नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आलटूनपालटून थरांत बसल्याचा पुरावा २२ आणि ३५.३ अंशांजवळच्या बारक्या रेघांत असतो. त्या नसतील तर जपून लिहा.

आता इलेक्ट्रॉन घनता, म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत ते. इथे घाई सगळ्यात महागात पडते. तांब्याच्या किरणांची विभेदनक्षमता तोकडी, त्यामुळे फूरिये मालिका (परावर्तनांची बेरीज करून घनता काढतात ती) मध्येच तुटते आणि घनतेच्या साध्या मॅपवर कॅल्शियमभोवती कांद्याच्या चकत्यांसारखी वर्तुळं उमटतात. माझ्या पहिल्या मॅपवर ती होती, आणि मी त्यांना रासायनिक अर्थ लावायला बसलो होतो! कमी तरंगलांबीची मॉलिब्डेनमची नळी वापरा, नमुना थंड ठेवा, अणूंच्या जागा आणि कंपनं उच्च कोनांच्या परावर्तनांवरून ठरवा. कॅल्साइटचे स्फटिक बरेच निर्दोष असतात, म्हणून तीव्र, म्हणजे मुख्यतः कमी कोनांची, परावर्तनं एक्स्टिंक्शनमुळे (किरण स्फटिकातच पुन्हा परावर्तित होऊन क्षीण होतात) प्रत्यक्षात फिकी मोजली जातात. बंधातल्या इलेक्ट्रॉनांची माहिती नेमकी याच कमी कोनांच्या परावर्तनांत असते. दुरुस्ती न करता काढलेला मॅप दिसायला देखणा, पण खोटा.

कार्बन-ऑक्सिजन बंधांवर (लांबी १.२८ अँगस्ट्रॉम) तीन सारखे उंचवटे दिसले म्हणून मात्र खूश होऊ नका. कॅल्साइटमध्ये ते सममितीच सारखे करते, मोजमाप कितीही गचाळ असो. ही परीक्षा अ‍ॅरागोनाइटवर घ्या. तिथे त्रिकोणातला एक ऑक्सिजन आरसा-प्रतलावर आणि दोन त्याच्या दोन्ही अंगांना, त्यामुळे पहिला बंध बाकीच्या दोघांसारखा यायची सक्ती नाही.