पोरगं तालमीत घालताना

तालीम निवडायची तर पहाटे जाऊन बघा. संध्याकाळी बघे जमतात, तेव्हा सगळेच नीट वागतात. पहाटे हौदा, म्हणजे कुस्तीची माती भरलेला आखाडा, कोण उकरतंय ते पाहा. मोठे पैलवान कट्ट्यावर बसून बारक्या पोरांकडून फावडं मारून घेत असतील, तर दुसरी तालीम शोधा. वस्ताद स्वतः मातीत उतरत असतील, तर पोर निर्धास्त सोडा. मुलीसाठीही हेच, फक्त कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, तेवढं आधी विचारा.

सुरुवातीला पोरानं डाव मागू नयेत, फावडं मागावं. लाल माती रोज उकरली नाही तर बसते, टणक होते आणि पडणाऱ्याचा खांदा निखळतो. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली ही माती. तिच्यातला खडा, काच हातानं वेचायची. ज्याच्यासाठी आपण ती भुसभुशीत करतो, तोच घटकाभरानं आपल्याला तिच्यावर आपटणार असतो. हे अंगात मुरलं की जोडीदाराला इजा करायची बुद्धी होत नाही.

मेहनतीचं म्हणाल तर बारा-तेरा वर्षांच्या पोराला वीस-पंचवीस बैठका आणि दहा-बारा जोर सुरुवातीला पुष्कळ झाले. मोजणी मनात करायची. अर्धीच बसलेली बैठक धरायची नाही. मांड्या पेटलेल्या, वस्तादांची पाठ फिरलेली, आणि शेवटच्या दोन राहिलेल्या. त्या दोन मारायच्या. पोराच्या मनाची मेहनत खरी तिथं होते, म्हणून आकडा थोडा ठेवा, पण पुरा करून घ्या.

लढतीत दोन्ही तऱ्हेचे जोडीदार हवेत. दांडग्या गड्याशी लढताना पोर दमतं, चिडतं, रडतंसुद्धा. रडू द्या, पण हौद्यातून बाहेर येऊ देऊ नका. स्वभाव मात्र कळतो तो हलक्या जोडीदाराशी लढताना. त्याला पट काढायला, म्हणजे आपला पाय धरून खेचायला, वाव द्यायचा. ढाक हा डाव मारताना गड्याचा दंड काखेत आवळून त्याला कंबरेवरून फिरवतात. फिरवला की पकड सुटू द्यायची नाही, मातीला पाठ लागेपर्यंत धरून ठेवायचं. मध्येच सोडला तर तो मानेवर येतो. ताकद आहे आणि ती आवरता येते, असं पोरगं दिसलं की मला फार आनंद होतो. ढाक कुणालाही शिकवता येते. हे आवरणं रोजच्या लढतीतूनच येतं.

आता हार. जत्रेच्या मैदानात चितपट झालेल्या पोरावर बाप सगळ्यांसमोर ओरडतो, हे मी दरवर्षी बघतो आणि जीव तुटतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेला गडी, तिथं गादीवर लढला. पुढची चार वर्षं मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. हरलेल्या पोरानं समोरच्याचा हात हातात घ्यावा, मातीला हात लावून बाहेर यावं. घरी जेवू घाला, झोपू द्या. कुठं चुकलं ते दुसऱ्या दिवशी वस्तादांना त्यानं स्वतः विचारावं. तुम्ही विचारू नका.

खुराकाचा बाऊ नको. बदामाची थंडाई परवडत नसेल तर दूध, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, अंडी, भाकरी-डाळ चालते. पण लवकर अंग भरावं म्हणून कुणी इंजेक्शन पुढं केलं, तर तिथं ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे आणि घरी येऊन सांगताही आलं पाहिजे. ते सांगण्याची सवय तुम्हीच लावायची: रोज रात्री शेजारी बसून विचारा, आज तालमीत काय झालं?

अंगावर नायटा उठला तरी पोरं लपवतात, कारण लढत चुकते. लपवू देऊ नका, जोडीदाराला लागतो. डॉक्टरांना दाखवा, आणि पुरता बरा झाल्यावर, वस्तादांना सांगूनच पोराला हौद्यात उतरवा.