ला पाझमधला पहिला दिवस : किनाऱ्यावरून गेलेल्या माणसाने उताराने फिरावे

मालवण, वेंगुर्ले किंवा देवगडसारख्या समुद्रकाठच्या गावात वाढलेल्या माणसाला विरळ हवेची सवय नसते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, आणि तेसुद्धा १,६४६ मीटरच. बोलिव्हियातील ला पाझ शहराचा मध्यभाग मात्र सुमारे ३,६४० मीटरवर वसलेला आहे आणि तेथे हवेचा दाब आपल्या किनाऱ्यावरच्या दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. म्हणून या शहरातल्या पहिल्या दिवसासाठी मी प्रत्येकाला एकच नियम आग्रहाने सांगतो : पायी फक्त उतरावे, चढ वाहनावर सोपवावा.

चिपीला विमानतळ सड्यावर आणि वस्ती खाली, तशीच येथील रचना आहे. विमान एल आल्तोच्या पठारावर, सुमारे ४,०६० मीटरवर उतरते. शहर त्याखालच्या खोलगट दरीत पसरलेले असून सर्वांत खालचा भाग, म्हणजे सोना सूर, साधारण ३,३०० मीटरवर आहे. विमानतळ आणि सोना सूर यांच्या उंचीतला फरक जवळजवळ आंबोली घाट उतरण्याइतका भरतो. पैसेवाल्यांनी वस्तीसाठी खालचाच भाग निवडला, कारण तेथे ऊब अधिक आणि श्वासाला सोपे. आपणही मुक्काम तेथेच, कालाकोतो किंवा सान मिगेलच्या परिसरात ठेवावा. मध्यवस्तीपेक्षा भाडे थोडे जास्त पडले तरी पहिल्या रात्रीची झोप त्याहून मोलाची असते.

तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे शरीर आधीच गोंधळलेले असते. मुक्कामी पोहोचल्यावर दोन-तीन तास नुसते पडून राहावे, थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि दुपारनंतरच बाहेर पडावे. डोकेदुखी, मळमळ ही लक्षणे बहुधा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी दिसू लागतात. सकाळी बरे वाटले म्हणून धावपळ करणाऱ्यांना रात्र जड जाते, ती याच कारणाने.

बाहेर पडताना टॅक्सीने थेट मुरिलो चौक गाठावा. येथील संसद भवनावरचे घड्याळ २०१४ पासून उलटे फिरते. दक्षिण गोलार्धात सूर्यघटिकेची सावली आपल्या उलट दिशेने सरकते, हा त्यामागचा विचार. तो समजून घेऊन त्या काट्यांकडे पाहावे, म्हणजे आपण पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आलो आहोत याची खरी जाणीव होते. तेथून सावकाश उतरत सान फ्रान्सिस्को चर्चपाशी यावे. त्याच्या दगडी दर्शनी भागावर युरोपीय शैलीच्या चौकटीत स्थानिक कारागिरांनी फळे, पक्षी आणि मुखवटे कोरले आहेत. अर्धा तास बसून पाहावे असे ते काम आहे. चर्चलगतची सागार्नागा गल्ली आणि तिच्या वरच्या अंगाचा चेटकिणींचा बाजार मोह घालतील, पण तो सरळ चढ आहे. तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा.

पुढे एल प्रादो हा रुंद रस्ता हलक्या उताराने नेतो. तेथून आकाशी रंगाच्या मार्गिकेचा रोपवे घेऊन लिबेर्तादोरपर्यंत आणि मग हिरव्या मार्गिकेने इर्पावीला, म्हणजे सोना सूरमध्ये उतरावे. हवा स्वच्छ असल्यास पाळण्यातून ६,४३८ मीटर उंचीचा हिमाच्छादित इयिमानी दिसतो आणि ते दृश्य पाहायला पायांना काहीच कष्ट पडत नाहीत. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, त्यामुळे थंडी असली तरी टोपी आणि सनस्क्रीन हवेच. सूर्य मावळताच स्वेटरही लागतो. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो ते जून ते ऑगस्टचे महिने तेथील कोरडा हिवाळा असतात, त्या काळात तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

रात्रीचे जेवण हलके घ्यावे. किन्वाचे सूप उत्तम. मासे हवेच असतील तर ट्राउट मिळतो, तो मात्र दुपारी खावा. मद्य पहिल्या दिवशी वर्ज्य. तांदूळ सोबत नेऊन पेज करण्याचा विचार असेल तर प्रेशर कुकर लागेल, कारण तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात सहज मिळतो आणि तो तेथे कायदेशीर आहे. पण ती पाने किंवा त्या चहाच्या पुड्या भारतात आणणे गुन्हा ठरतो, म्हणून पिशव्या आवरताना आठवणीने पाहावे.

विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी घेतले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असल्यास आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते आधी सांगावे. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. लगेच रुग्णालय गाठावे आणि शक्य तितक्या लवकर कमी उंचीवर जावे. तसे काही नसेल, आणि रात्र शांत गेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सागार्नागाचा चढ दर पन्नास पावलांना थांबत चढावा. एल आल्तोचा गुरुवारचा किंवा रविवारचा मोठा बाजार तिसऱ्या दिवसानंतर गाठावा, तोही लाल मार्गिकेच्या रोपवेने.