मुलांच्या महाविद्यालयात सहभागी होताना पालकांनी या चुका टाळाव्यात

शाळेच्या पालकसभेला गेले की प्रगतिपुस्तक हाती पडते, वर्गशिक्षक मुलाबद्दल दोन शब्द बोलतात आणि पालक निश्चिंत मनाने घरी परततात. ही सवय महाविद्यालयातही चालेल असे गृहीत धरणे, ही पालकांची पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उपस्थिती किंवा गुण विचारण्यासाठी थेट प्राध्यापकांना फोन केला, तर बहुधा उत्तर मिळत नाहीच, शिवाय मूल वर्गात कानकोंडे होते. अमेरिकेत तर १९७४ च्या कायद्यानुसार विद्यार्थी १८ वर्षांचा होताच, किंवा त्याआधी महाविद्यालयात दाखल होताच, शैक्षणिक नोंदींवरील पालकांचे अधिकार त्याच्याकडे जातात. म्हणून पालकांना कोणती माहिती मिळते आणि त्यासाठी मुलाची लेखी संमती लागते का, हे प्रवेशाच्या वेळीच कार्यालयात विचारून घ्यावे, आणि ते मुलाच्या समक्ष विचारावे.

दुसरी चूक पालकांच्या व्हॉट्सॲप गटात घडते. रात्री साडेदहाला कोणी लिहिते, ‘वसतिगृहात पाणी नाही.’ पाहता पाहता संतापाचे संदेश जमतात, कोणी अधीक्षकांचा नंबर टाकते आणि एकामागून एक फोन सुरू होतात. विद्यार्थी प्रतिनिधीने तक्रार केव्हाच नोंदवलेली असते, मोटर दुरुस्त करणारा माणूस जिन्यापाशी येऊन उभा असतो; पण पंपघराची किल्ली ज्यांच्या खिशात आहे, ते अधीक्षक पालकांची समजूत घालण्यात अडकलेले असतात. अशा वेळी आधी आपल्या मुलाला विचारावे, ‘तू कोणाला सांगितलेस?’ सांगितले नसेल, तर कोणाकडे जायचे ते त्यालाच शोधू द्यावे. हे शोधणेही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. दोन दिवसांनंतरही अडचण सुटली नाही, तर तारीख आणि तपशील देऊन पालक संघामार्फत एकच लेखी अर्ज करावा. मला वाटते, असा एक अर्ज पन्नास फोनांपेक्षा अधिक काम करतो.

पालक संघात पद मिळाल्यावर आपल्याच मुलासाठी खोली बदलून मागणे तर पूर्णपणे टाळावे. आपल्या व्यवसायाविषयी विद्यार्थ्यांशी बोलणे किंवा त्यांना इंटर्नशिप मिळवून देणे, ही खरी मदत आहे. मात्र मुलाला आपल्या वर्गात आई-वडील आलेले अवघड वाटत असेल, तर दुसऱ्या विभागात जावे.

यांपैकी एखादी चूक आधीच घडली असेल, तर प्राध्यापकांकडे खुलासे करत बसू नये. मुलाची स्पष्ट शब्दांत माफी मागावी आणि पुढचा पत्रव्यवहार त्याच्यावर सोपवावा.

याला एक अपवाद आहे आणि तो ठामपणे सांगितला पाहिजे. मूल अचानक बोलेनासे झाले, जगण्याला कंटाळल्याची भाषा करू लागले, त्याचा छळ होत असल्याची शंका आली किंवा त्याच्याशी संपर्कच होत नसेल, तर संकोच न करता त्याच दिवशी वसतिगृह अधीक्षक आणि समुपदेशकांना फोन करावा. शेवटचे बोलणे कधी झाले, वागण्यात कोणता बदल दिसला, औषधे चालू आहेत का, हे नेमके सांगावे. गोपनीयतेमुळे त्यांना तुम्हाला सर्व काही सांगता आले नाही, तरी तुमचे म्हणणे ऐकून मुलाच्या खोलीपर्यंत जाण्यापासून त्यांना कोणताही नियम अडवत नाही.