छत ठोकून पाहायचं कसं

भाच्याला सरदारकीचा, म्हणजे कोळसा खाणीत आपल्या भागाच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्याचा, दाखला मिळाला. पुढच्या महिन्यात तो अंडरग्राउंडला उतरणार. परवा फोनवर म्हणाला, "मामा, पुस्तकात 'छत तपासावे' एवढंच आहे. तपासायचं म्हणजे नक्की काय करायचं?" मी बत्तीस वर्षं चंद्रपूर-बल्लारपूर भागातल्या कोळसा खाणींत काढली, शेवटची बरीचशी ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्या वरचा, म्हणून. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहून काढतोय.

पहिलं काम म्हणजे आवाज बंद करणं. ड्रिल थांबव, लोडर थांबव, गप्पा मारणाऱ्यांना गप्प कर. दोन मिनिटं नुसता उभा राहा. बारीक खडे टपटपतायत का, लाकडी टेकू करकरतोय का, ऐक. लाकूड मोडायच्या आधी बोलतं, म्हणून जुनी माणसं गोफच्या, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेल्या पोकळीच्या, कडेला लोखंडापेक्षा लाकडावर जास्त विश्वास ठेवायची.

मग बत्ती छताला तिरपी लाव. सरळ उजेडात भेग दिसत नाही, तिरप्या उजेडात तिची सावली पडते. चकचकीत, गुळगुळीत पट्टा दिसला तर ती स्लिप, म्हणजे दगडातली घसरडी चीर. तिथला दगड दोन्हीकडून सुटलेला असू शकतो. आणि गुळाच्या ढेपेसारखा गोल दगड, भोवती कोळशाची काळी कड, असं काही दिसलं तर ठोकतही बसू नकोस. तो काही न सांगता सुटतो. आधी आधार लाव.

आता ठोकणं. आई बाजारात माठ घेताना बोटानं वाजवून बघायची ना, तेच. पक्का माठ ठणठणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. छताचंही तसंच. गॅलरी, म्हणजे खाणीतली बोगद्यासारखी वाट, 3 मीटरपर्यंत उंच असते, तिथं लोखंडी टोकाची लांब काठी लागते. छत हाताला लागत असेल तर डाव्या हाताची बोटं छताला टेकव आणि उजव्यानं बाजूला ठोक. आवाज खणखणीत असला तरी बोटांखाली थरथर जाणवली तर थर सुटलाय. माझ्या पहिल्या सरदारानं, छत्तीसगडचा होता तो, मला महिनाभर फक्त हेच करायला लावलं. तो छताला 'चाल' म्हणायचा.

नेहमी आधार लावलेल्या छताखालून सुरुवात कर आणि फेसकडे, म्हणजे कोळसा तोडतात त्या टोकाकडे, सरकत जा. उलटं कधीच नाही. पाठीमागची वाट मोकळी हवी; तिथं कोळशाचा टब (रुळांवरचा डबा) उभा असेल तर आधी हलवायला सांग. छत धरायला त्यात बसवलेल्या बोल्टच्या प्लेटांवरही नजर टाक. हातानं फिरणारी प्लेट म्हणजे तो बोल्ट नुसता शोभेचा.

ब्लास्टिंगनंतर धूर निवळला की आत पहिला तू. बद्द वाजलेला दगड पाडायचा तर पहार लांब घे, तिरपी धर, स्वतः पक्क्या छताखाली उभा राहा. पडत नाही म्हणजे चांगला आहे असं समजू नकोस, टेकू दे.

ठोकण्यालाही मर्यादा आहे. मीटरभर जाड थर वरून सुटला असेल तर खालून तो ठणठणीतच वाजतो. म्हणून टेल-टेलचा, म्हणजे छताचे थर किती सरकले ते दाखवणाऱ्या साधनाचा, आकडा रोज बघ, कालच्याशी ताडून बघ. आपल्याकडे वर कामठी नावाच्या थराचा वालुकाश्म आहे, पाणी धरणारा. काल कोरडं असलेलं छत आज ठिबकायला लागलं तर ते वरच्या ओव्हरमनच्या कानावर घाल. पाण्याला हलकं घेऊ नकोस: 1954 साली शेजारच्या छिंदवाड्यात न्यूटन चिखलीला 63 माणसं गेली, 1975 च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाल्याला 375, दोन्ही ठिकाणी पाणी आत घुसून.

एकदा मी पाळी संपायला दीड तास असताना एक फेस बंद केला. छत बद्द वाजत होतं, पहारीनं पडेना. टब चौदा कमी भरले. वरून बोलणी बसली, पाळीतली पोरंही हसली, कारण त्या दिवशी काही पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी टेकूंसकट सगळं खाली आलं, आत कोणी नव्हतं. छत आपल्या पाळीच्या वेळा पाळत नाही. टनेज कमी पडतंय म्हणून ओरडा पाळीच्या शेवटीच होतो, आणि त्याच वेळी कान थकलेले असतात.

हल्ली देशाचा कोळसा वर्षाला 100 कोटी टनांच्या पुढे गेलाय, 2024-25 मध्ये पहिल्यांदा. त्यातला बहुतेक ओपनकास्टचा, म्हणजे वरून उघड्या खाणींचा. तिथं छत नाही, तिथं डंपरच्या चाकांपासून जपायचं. त्यामुळे छत ठोकता येणारी माणसं कमी होत चाललीत. तुला शिकवणारा म्हातारा सरदार भेटला तर त्याला सोडू नकोस.

रिपोर्टच्या वहीत 'सब ठीक' असं लिहू नकोस. कुठली गॅलरी, कुठल्या बाजूला, काय वाजलं, काय केलं, ते लिही. संशयाच्या जागी चुन्यानं फुली मार, तारीख टाक, आणि पुढच्या पाळीचा सरदार आला की त्याला हाताला धरून तिथवर ने.